पुढच्या चाकावरची चकती: हाताचा हब बरा की आपोआपचा?

बेळगावकडचं खानापूर सोडून जांबोटी-कणकुंबीकडे निघालं की जुन्या जिपा, जिप्स्या अजून भेटतात. त्यातल्या काहींच्या पुढच्या चाकांच्या मधोमध तळहाताएवढी चकती असते. हाच हब. तिच्यावर एक खूण आणि दोन शब्द: ‘फ्री’ आणि ‘लॉक’. काही गाड्यांत तो हाताने फिरवावा लागतो, काहींत आपोआप लागतो. मागच्या चाकांना असलं काही नसतं. पावसाळ्यात गाडी तांबड्या चिखलात रुतली की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, “हब फिरवलासा काय?” गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढला की फोर बाय फोर लागलं, म्हणजे चारही चाकांना जोर मिळाला, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. दांड्याने पुढचा शाफ्ट फिरायला लागतो, एवढंच. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचणार की नाही, हे ती चकती ठरवते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला अशी चकती नव्हती. पुढच्या एक्सलचा (चाकांच्या आसाचा) शाफ्ट फ्लँजने (बोल्टच्या कड्याने) चाकाला कायमचा जखडलेला होता. दांडा टू-व्हीलवर (जोर फक्त मागच्या चाकांना) असला तरी रस्त्यावर फिरणारी चाकं आपल्याबरोबर शाफ्ट, डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारी गिअरपेटी) आणि प्रॉपेलर शाफ्ट (गाडीखालचा लांब शाफ्ट) हे सगळं फुकट फिरवत राहायची. रणांगणावर त्याची फिकीर कुणाला? युद्ध संपलं, जिपा शेतकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या हाती आल्या, डांबरीवर पळू लागल्या, तेव्हा ते ओझं खुपायला लागलं. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये कंपनी काढली आणि चाक शाफ्टपासून सोडवता येईल असे हब जिपांसाठी बनवले. हब फ्री ठेवले की डिझेल भरपूर वाचतं, असं छातीठोक सांगणारे भेटतात. वाचतं, पण थोडं. खरी बचत होते ती झिजेत, आवाजात आणि पुढच्या जॉइंटांच्या, म्हणजे चाक वळलं तरी शाफ्ट फिरवत ठेवणाऱ्या सांध्यांच्या, आयुष्यात.

आणखी एक गैरसमज इथेच निस्तरायला हवा. हब लॉक करून डांबरीवर गेलं तर गाडी मोडेल, असं नाही. दांडा टू-व्हीलवर असेपर्यंत पुढचा एक्सल नुसता मोकळा फिरतो. घोटाळा होतो तो दांडा फोरवर टाकून कोरड्या रस्त्यावर वळलं की. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४ मीटर धरा आणि मागचा एक्सल ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे असं समजा. पुढच्या एक्सलची त्रिज्या साधारण ५.५५ मीटर येते. काटकोनात वळेपर्यंत मागचा एक्सल ७.८५ मीटर जातो आणि पुढचा ८.७ मीटर, म्हणजे ८५ सेंटिमीटर जास्त. पण ट्रान्सफर केसने (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीने) दोन्ही शाफ्ट एकाच वेगाला बांधलेले असतात. हा फरक कुठेतरी निघायलाच हवा. चिखलात तो चाक घसरून निघतो; डांबरीवर टायर चिकटून बसतात आणि सगळा पीळ शाफ्टांत आणि गिअरांत साठतो. स्टिअरिंग जड होतं, दांडा काढायला गेलं तर निघत नाही.

आता चकतीच्या आत काय असतं ते पाहू. हाताच्या हबमध्ये आतून-बाहेरून दाते असलेली एक रिंग असते. आतल्या दात्यांनी ती शाफ्टवर बसते आणि पुढे-मागे सरकते. चकती लॉकवर फिरवली की स्प्रिंग तिला चाकाच्या हबमधल्या दात्यांकडे ढकलते. दात्यासमोर दाता आला तर रिंग तिथेच अडते. गाडी वीतभर पुढे-मागे केली की ‘टक’ असा आवाज येतो आणि ती बसते. एकदा बसली की पुढे जा, मागे या, उतारावर इंजिनाने गाडी धरा, ती सुटत नाही.

आपोआपच्या हबमध्येही अशी रिंग असते, पण तिला ढकलायला हात नसतो. दांडा फोरवर टाकला की आधी शाफ्ट फिरायला लागतो. आतला एक भाग मुद्दाम घर्षणाने मागे धरून ठेवलेला असतो. शाफ्ट आणि त्या भागाच्या ओढाताणीत कॅमची (तिरप्या कडेच्या भागाची) उतरण चढली जाते आणि रिंग बाहेर सरकून दात्यांत जाते. म्हणजे हब लागायचा तर आधी शाफ्ट फिरलाच पाहिजे. सोडवायचा तर दांडा टू-व्हीलवर टाकून गाडी दोन-तीन मीटर उलट घ्यावी लागते, तेव्हा कॅम खाली उतरतो.

कागदावर ही युक्ती देखणी आहे. रुतलेली गाडी काढताना मात्र आपण काय करतो? पुढे, मागे, पुढे, मागे असा झोका देतो. या जुन्या पद्धतीच्या हबमध्ये दर वेळी दिशा बदलली की कॅम उतरतो आणि पुन्हा चढतो. मधल्या क्षणी पुढची चाकं मोकळी असतात आणि नंतर भाराखाली दात्यांवर दाते आदळतात. लाल मातीच्या उतारावर इंजिनाने गाडी धरायला गेलं तर जोराची दिशा उलटते. काही हब तिथेही सोडून देतात आणि सगळा भार मागच्या चाकांवर येतो. काही गाड्यांत कॅमऐवजी व्हॅक्यूमने हब ओढतात. डिझेल इंजिनात त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तिथे एखादी नळी चिरली की झालं, आणि ती चिरलेली वरून दिसत नाही.

चिकोडी-निपाणीकडे बहुतेक डांबरीवर फिरणाऱ्या आणि वर्षातून चार वेळा उसाच्या रानात शिरणाऱ्या माणसाला आपोआपचा हब पुरेसा आहे. गुडघाभर चिखलात उतरायला नको, हे सुख काही कमी नाही. जांबोटीच्या पलीकडे राहणाऱ्याने मात्र हाताचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चिखलात उतरायचा त्रास टाळायचा उपायही सोपा आहे: डांबर संपतं तिथेच हब लॉक करा आणि संध्याकाळपर्यंत तसेच राहू द्या. दांडा लागेल तसा टाकता-काढता येतो.

एकच हब लॉक आणि दुसरा फ्री, हा प्रकार तर फार फसवा. साधं डिफरन्शियल जोर अडथळा कमी असलेल्या बाजूला सोडतं, पाणी उताराकडे धावावं तसं. फ्री बाजूचा शाफ्ट नुसता गरगरतो आणि लॉक केलेल्या चाकाला काहीच मिळत नाही. ज्या हबची शंका येईल त्याचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि आतल्या बाजूचा जॉइंट बघा. फ्रीवर तो थांबलेला हवा, लॉकवर चाकाबरोबर फिरायला हवा. यातलं काही उलटं दिसलं किंवा अर्धवट कचकच ऐकू आली, तर बहुधा आत ग्रीस ठासून भरलंय किंवा वाळून घट्ट झालंय. हबला ग्रीसचा पातळ हात पुरतो. बेअरिंगसारखं भरलं तर रिंग पूर्ण सरकत नाही, दात्यांची टोकंच एकमेकांत अडकतात आणि तुटतात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हब लॉक करून, दांडा टू-व्हीलवरच ठेवून, दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवावी. बसून राहिलेल्या पुढच्या डिफरन्शियलमध्ये तेल सगळीकडे पोचतं.

हाताच्या हबची आणखी एक सोय आपोआपच्यात मिळत नाही. हब फ्री ठेवून दांडा लो वर (संथ पण जास्त जोराच्या गिअरवर) टाकला की लो गिअर फक्त मागच्या चाकांना मिळतो. भरलेली ट्रॉली कोरड्या अंगणात इंच-इंच मागे घ्यायची असेल तर पीळ न पडता काम होतं. मात्र पुढचा एक्सल भार वाटून घ्यायला नसतो, म्हणून जोर जपून लावायचा.

जुन्या गाडीचा सुटा भाग मिळेना झाला की बेळगावकर उद्यमबागेची, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीची, वाट धरतो. रिंग तिथे बनवून मिळेलही. पण नुसत्या मऊ पोलादाची नको. दाते वरून कठीण आणि आतून चिवट हवेत, म्हणजे कार्बन मुरवून पाणी द्यायला हवं. रिंग पार अभंग करायचाही हट्ट नको. हब तुटला तर बाहेरचे पाच-सहा बोल्ट काढून रस्त्याच्या कडेला बदलता येतो. तो तुटलाच नाही, तर तोच झटका आतला जॉइंट खातो, आणि मग चाक, ब्रेक, नकल (चाकाला वळू देणारा भाग) सगळं उतरवावं लागतं.