ऋणत्रय

ऋणत्रय : माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर या तिघांचा देणेकरी असतो, ही वैदिक काळापासून चालत आलेली हिंदू धर्मातील धारणा. हिंदू धर्माची ओळख करून देताना कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष यांचा उल्लेख आधी होतो. तत्त्वज्ञानापुरते ते बरोबर आहे. पण घरोघरच्या आचाराला वळण लावण्यात ऋणाच्या कल्पनेचा वाटा त्यांच्याहून कमी नाही. एरवी देवळात न जाणारा, उपास न धरणारा माणूसही वडिलांच्या तिथीला पान वाढतो. त्याला श्रद्धेपेक्षा देण्याची जाणीव पुरते.

तैत्तिरीय संहितेत (६.३.१०.५) ही कल्पना स्पष्ट शब्दांत येते : ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो, ब्रह्मचर्याने ऋषींचे, यज्ञाने देवांचे आणि संततीने पितरांचे ऋण तो फेडतो. शतपथ ब्राह्मणात (१.७.२) ती अधिक व्यापक झाली. जो कोणी आहे तो ऋणीच जन्मतो, असे सांगून तेथे माणसांचे चौथे ऋणही मोजले आहे आणि ते आल्यागेल्याला आसरा व अन्न देऊन फेडायचे आहे. वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी ऋणांचे बंधन तिन्ही द्विज वर्णांना (ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य) लागू केले. शूद्रांना मात्र वेदाध्ययन आणि श्रौत (वेदोक्त) यज्ञ बंदच राहिले, आणि ‘जो कोणी आहे तो’ या शब्दांची व्याप्ती धर्मशास्त्राने प्रत्यक्षात पाळली नाही.

गृहस्थाच्या दिनक्रमात ही फेड पंचमहायज्ञांच्या रूपाने बसवली गेली. मनुस्मृतीनुसार (३.७०) वेदांचे अध्यापन हा ब्रह्मयज्ञ, तर्पण हा पितृयज्ञ, होम हा देवयज्ञ, प्राणिमात्रांना अन्नाचा बली हा भूतयज्ञ आणि अतिथिपूजन हा नृयज्ञ. रोजचा वैश्वदेव (शिजवलेल्या अन्नाची अग्नीत आहुती) आज फार थोड्या घरांत होतो. श्रावणीला जानवे बदलताना केले जाणारे ऋषितर्पण आणि जेवणाआधीचा देवाचा नैवेद्य एवढे बहुतेक ठिकाणी उरले आहे.

सर्वांत टिकून राहिले ते पितृऋण. भाद्रपद वद्य पक्षाला पितृपक्ष म्हणतात. गावाकडे ‘म्हाळ घालणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. मृताच्या तिथीला महालय (म्हाळ) करतात, सवाष्ण गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध अविधवा नवमीला होते आणि तिथी माहीत नसेल किंवा हुकली असेल तर सर्वपित्री अमावास्या असते. भाताचे पिंड, दर्भ, काळे तीळ ही सामग्री. पानात खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळू, भोपळा, गवार. कावळ्याने घास घेतला की पितर तृप्त झाले असे मानतात. या पंधरवड्यात लग्नकार्य किंवा मोठी खरेदी टाळली जाते. वडील, आजोबा व पणजोबा यांना अनुक्रमे वसू, रुद्र व आदित्य यांच्या रूपात आवाहन केले जाते; पिंड तीन पिढ्यांना मिळतो.

विधी तीन पिढ्यांवर थांबत मात्र नाही. महालयात मातुलकुल (आईचे माहेर), सासरे, गुरू, मित्र अशी यादी वाढत जाते आणि शेवटी धर्मपिंड दिला जातो. त्या वेळच्या श्लोकांत दोन्ही कुळांतले नोकर व आश्रित, मित्र, पशू, वृक्ष आणि दुसऱ्या जन्मी सोबत असलेले अशा सर्वांना पिंड अर्पण होतो. नाव माहीत नसलेल्या उपकारकर्त्यालाही, आणि झाडालाही, घरच्या पितरांच्या पंक्तीत बसवणारा हा भाग आहे. गुरुजी तो घाईने म्हणून टाकतात हे खेदाचे आहे, कारण ऋणकल्पनेची खरी उंची येथेच दिसते.

पुनर्जन्माशी या आचाराचा मेळ घालणे सोपे नव्हते. आत्मा आपल्या कर्मानुसार दुसऱ्या देहात गेला असेल, तर येथे वाढलेले अन्न त्याला कसे पोचणार? परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचा आक्षेप चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथात नोंदला आहे : श्राद्धाने मेलेल्याची भूक भागत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी देण्याचे कारण काय? पुराणांचे उत्तर असे की, श्राद्धातले अन्न पितर ज्या योनीत असेल त्या योनीला योग्य अशा आहारात पालटते. हे उत्तर तर्काला पुरत नाही. आचार तरीही टिकला, कारण तो देणाऱ्याच्या कर्तव्यावर उभा होता.

संन्यासाचा प्रश्न याहून अवघड. तिन्ही ऋणे फेडल्यावरच मन मोक्षाकडे लावावे, असे मनू सांगतो (६.३५), तर ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावे, असे जाबालोपनिषद. शंकराचार्यांच्या परंपरेने दुसरी बाजू घेतली. गृहस्थांच्या समाजात मनूचाच क्रम रूढ राहिला.

पितृऋण संततीने फिटते, आणि संतती म्हणजे मुलगा, या समजुतीचे ओझे स्त्रियांनी वाहिले. मुलासाठीचे नवस, दुसरी लग्ने, दत्तकविधान यांच्या मागे पिंडाची चिंता होती. बंगालच्या दायभाग या वारसाविषयक धर्मशास्त्र-परंपरेत वारसाहक्कही पिंडदानातून मिळणाऱ्या पारलौकिक लाभावर ठरे; महाराष्ट्रात चालणाऱ्या मिताक्षरा परंपरेने रक्ताची जवळीक प्रमाण मानली. हिंदू स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा आणि मुलगी दत्तक घेण्याचा सर्वसाधारण हक्क १९५६ च्या कायद्याने दिला.

महाराष्ट्रात या आचाराची कठोर तपासणीही झाली. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक अस्पृश्यांना जेवू घातला, ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला आणि पितर स्वतः येऊन जेवले, अशी कथा चरित्रपरंपरेत आहे. तुकारामांनी जिवंतपणी उपाशी ठेवून मेल्यावर पिंड देणाऱ्यांना फटकारले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने (१८७३) भटाविना संस्कार करण्याचा मार्ग दाखवला. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, आणि आता आईवडिलांचे श्राद्ध करणाऱ्या मुली शहरांत तरी अपवाद राहिलेल्या नाहीत.