वर्ल्ड रॅलीची चुरस कुठे गेली: थोडी पार्श्वभूमी

आज वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपच्या टॉप क्लासमध्ये जेमतेम तीन टीम आहेत, त्यातली तिसरी कशीबशी तग धरून, आणि टायटल शेवटच्या रॅलीपर्यंत लांबलं तरी भांडण बहुतेक एकाच कंपनीच्या ड्रायव्हर्समध्ये असतं. २०२४ ला तसंच, २०२५ लाही तसंच. नवीन बघणाऱ्यांना वाटतं हा खेळ पहिल्यापासून असाच असणार. नव्हता हो.

१९७३ ला चॅम्पियनशिप सुरू झाली, ८६ पर्यंत ग्रुप बी नावाच्या वर्गातल्या त्या राक्षसी ताकदीच्या गाड्या, मग अपघात आणि बंदी, हे सगळ्यांना पाठ आहे. आपल्या मुद्द्यासाठी १९९७ महत्त्वाचं. त्याआधी जी गाडी रॅलीत पळवायची तशीच टर्बो, फोर व्हील ड्राइव्हवाली गाडी हजारोंनी बनवून शोरूममध्ये विकावी लागायची, आणि ते सगळ्या कंपन्यांना परवडणारं नव्हतं. ९७ पासून सांगितलं की साधी फॅमिली हॅचबॅक घ्या, टर्बो आणि फोर व्हील ड्राइव्ह रॅलीपुरतं बसवा. या गाड्यांना नाव दिलं वर्ल्ड रॅली कार, म्हणजे डब्ल्यूआरसी, आणि चॅम्पियनशिपचं शॉर्ट फॉर्मपण डब्ल्यूआरसीच, त्यामुळे जुने लेख वाचताना अजून गोंधळ होतो की हा माणूस गाडीबद्दल बोलतोय का स्पर्धेबद्दल.

नियम मात्र चालला. २००१ ला फोर्ड, सुबारू, मित्सुबिशी, प्यूजो, स्कोडा, ह्युंदाई अशा सहा फॅक्टरी टीम, म्हणजे कंपन्यांच्या स्वतःच्या, शिवाय सिट्रोएन अधूनमधून येऊन जाऊन. शेवटच्या ब्रिटनच्या रॅलीला पोचले तेव्हा चौघांना टायटलचा चान्स होता. जो जिंकला, रिचर्ड बर्न्स, त्याचे ४४ पॉइंट, दुसऱ्याचे ४२, तिसऱ्याचे ४१, आणि जिंकणाऱ्याने अख्ख्या सीझनमध्ये फक्त न्यूझीलंडची एक रॅली मारलेली. दुसरा म्हणजे कॉलिन मॅक्रे, तो स्कॉटिश गडी, ज्याच्या नावाचा कॉम्प्युटर गेम आपल्याकडे सायबर कॅफेत पोरं तास तास खेळायची. तो पहिल्याच दिवशी गाडी उलटीपालटी करून बाहेर पडला. आम्ही हे सगळं केबलवर बघायचो, रॅली संपून चांगला आठवडा झाल्यावर हायलाइट्स लागायचे, तरी निकाल कळू नये म्हणून पेपरचं स्पोर्ट्सचं पान उघडायचं नाही असा नियम होता. २००३ पण तसंच, ७२ विरुद्ध ७१, एका पॉइंटने फैसला.

मग २००४ पासून एकाच फ्रेंच ड्रायव्हरने, सेबास्टियन लोबने, सलग ९ टायटल नेली. त्याच्यामागे दुसरा फ्रेंच, सेबास्टियन ओजिए, त्याची लगेच ६. म्हणजे २००४ ते २०१८ अशी १५ वर्षं दोनच माणसं, आणि कहर म्हणजे दोघांचं पहिलं नावही एकच. सगळं खापर यांच्यावर फोडायची पद्धत आहे पण ते काही खरं नाही, कारण समोरचे आधीच पळत होते. ह्युंदाई २००३ लाच गेली, २००५ च्या शेवटी मित्सुबिशी, प्यूजो, स्कोडा गेल्या, २००८ च्या डिसेंबरमध्ये मंदीत सुझुकी आणि सुबारू एकाच आठवड्यात. २००९ आणि १० ला उरल्या दोन, सिट्रोएन आणि फोर्ड. दोन कंपन्यांत चुरस होऊन होऊन किती होणार.

टीव्हीचं दुखणं मुळातच वेगळं. गाड्या दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सुटतात, स्टेज, म्हणजे घड्याळ लावून पळायचे बंद रस्त्यांचे तुकडे, डोंगरात, कॅमेरे लावायला हेलिकॉप्टर पाहिजे, आणि ओव्हरटेक असला प्रकारच नाही. २००० साली टीव्हीचे हक्क ज्याच्या कंपनीने घेतले तोच एका टीमचाही कर्ताधर्ता होता, तेव्हा यावर कुजबुज व्हायची, पण रोज रात्रीचे हायलाइट्स त्याच काळात छान बनायचे हेही खरं. २००७ ला हक्क एका ब्रिटिश टीव्ही कंपनीकडे गेले. दरम्यान मॉन्टे कार्लोसारखी रॅली २००९ ते ११ तीन वर्षं दुसऱ्याच, खालच्या गाड्यांच्या सिरीजमध्ये होती, कारण कॅलेंडरचं रोटेशन, म्हणजे रॅली आळीपाळीने घ्यायच्या, आणि ती सिरीज चालवणारं स्पोर्ट्स चॅनेल रॅली लाइव्ह दाखवायचं. मोठ्या चॅम्पियनशिपला जे जमत नव्हतं ते. पुढे त्या ब्रिटिश कंपनीच्या मालकाची लिथुआनियातली बँक २०११ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने ताब्यात घेतली, त्याला अटक झाली, आणि २०१२ च्या जानेवारीत करारच रद्द. त्या वर्षी जगातली सगळ्यात मोठी रॅली चॅम्पियनशिप प्रमोटरशिवाय, म्हणजे टीव्ही आणि प्रसिद्धी सांभाळणाऱ्या कंपनीशिवाय, चालली.

आता तो रस्ता झाडायचा, म्हणजे आधी कोणी सुटायचं याचा नियम, ज्यावरून इतकी वर्षं वाद चाललाय. खडीच्या रस्त्यावर पहिली गाडी सुटी खडी बाजूला ढकलत जाते, टायर घसरतात, मागच्यांना मात्र खालचा टणक रस्ता आयता मिळतो. पहिला म्हणजे झाडूवाला. डांबरी रस्त्यावर बरोबर उलटं, मागचे चिखलात, कारण पुढच्यांनी वळणं कापून माती रस्त्यावर आणलेली असते. तर पूर्वी आदल्या दिवशी पुढे असेल तो दुसऱ्या दिवशी आधी सुटायचा, म्हणून पोरं संध्याकाळच्या शेवटच्या स्टेजला फिनिशच्या अलीकडे मुद्दाम ब्रेक मारून सेकंद घालवायची. जिंकायला आलेला माणूस घड्याळ बघत थांबलाय, हे टीव्हीवर कोणाला समजावणार? २०१२ ला क्वालिफायिंग आणलं, जो फास्ट त्याने आपला नंबर निवडायचा. माझ्या मते हाच सगळ्यात सरळ उपाय होता. दोनच वर्षं टिकला.

त्यानंतर २०१५ पासून पहिले दोन्ही दिवस चॅम्पियनशिपच्या लीडरने पुढे जायचं. उघड कोणी म्हणालं नाही पण हेतू सरळ होता, फोक्सवॅगन आणि तिचा फ्रेंच हिरो ओजिए यांना लगाम. तो दर रॅलीला वैतागून बोलायचा, आणि तरी १५ आणि १६ ची टायटल घेऊन गेला. १५ ला १३ पैकी १२ रॅली फोक्सवॅगनच्या! लगाम कसला. २०१७ ला पुन्हा फक्त पहिल्या दिवसापुरतं केलं, पण तोवर फोक्सवॅगनच डिझेल घोटाळ्यानंतर नवी गाडी तयार असताना निघून गेली होती. मध्ये २०१४ ला तर निकाल शेवटच्या स्टेजवर लावायचा प्रस्ताव आला होता, का तर ती लाइव्ह दिसते. तीन दिवस जीव धोक्यात घालून मिळवलेली आघाडी दहा मिनिटांत पणाला! ड्रायव्हर भडकले, प्रस्ताव बारगळला.

२०१८ पासून सगळ्या स्टेज लाइव्ह दिसायला लागल्या, पण पैसे भरून, नेटवर. चॅनेल बदलताना चुकून रॅली बघणारा माणूस तिथे येत नाही. २०२४ ला रविवार बघण्यासारखा व्हावा म्हणून पॉइंटच शनिवारपर्यंतचे वेगळे, रविवारचे वेगळे असे तोडले, तर स्वीडनला पहिल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त पॉइंट मिळाले. २०२५ ला ते मागे घेतलं, गाड्यांतलं हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीची बॅटरीवरची मोटरही काढून टाकली. २०२७ पासून नवीन नियम येतायत, गाडीची किंमत ३ लाख ४५ हजार युरोच्या आत ठेवायची. झाडूचा नियम आहे तसाच, शुक्रवारी लीडर पुढे.