पोटरीतली हापशी

नागपूरच्या बर्डीत सकाळी सातला मी ज्या गाडीवर तर्री-पोहे खाते, तिथल्या मावशींनी परवा प्लेट हातात देता देता मोबाईल पुढे केला. "मॅडम, तुम्ही शिकवता न सायन्स, हे खरं आहे का जी?" व्हिडिओत एक गृहस्थ ठासून सांगत होते, की पोटरी म्हणजे माणसाचं दुसरं हृदय. रोज रात्री कोमट तेल लावून ती दहा मिनिटं दाबली, की हार्ट अटॅक कधीच येणार नाही. मावशी पहाटे पाचपासून उभ्या असतात. "दुपार झाली का पाय असे जड होते, चपलेत मावत नाही," त्या म्हणाल्या.

व्हिडिओतलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. दुसरं साफ खोटं आहे, आणि एखाद्या वेळी जिवावर बेतणारंही.

आधी पोटरीची ओळख करून घेऊ. चवड्यांवर उभं राहून पायाची मागची बाजू चाचपली, की दोन टणक गोळे हाताला लागतात. आतल्या बाजूचा गोळा थोडा खालपर्यंत उतरलेला असतो. हे दोन्ही गोळे मिळून एक स्नायू, गॅस्ट्रॉक्नेमियस. तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो, म्हणजे गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. उडी मारणं, पळणं, जिना धावत चढणं ही त्याची कामं. त्याच्याखाली एक चपटा, रुंद स्नायू दडलेला असतो, सोलियस. तो गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. दोघे मिळून टाचेच्या वर एका जाड दोरखंडात उतरतात. हा अकिलीस कंडरा. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, आणि हा शरीरातला सगळ्यात मजबूत. पळताना तो रबरासारखा ताणला जातो आणि साठवलेली बरीचशी ऊर्जा पुढच्या पावलाला परत देतो. चिंपांझीला इतका लांब कंडरा नसतो. या कंडऱ्यावर वेगळा लेख होईल, पण मावशींच्या पायाचं उत्तर सोलियसमध्ये आहे.

सोलियस बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचं कौतुक कोणी करत नाही. जिममधली मुलं आरशात गॅस्ट्रॉक्नेमियस बघतात. पण आपण नुसते उभे असतो तेव्हाही सोलियस काम करत असतो. शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, त्यामुळे आपण सतत पुढे कलंडत असतो आणि सोलियस आपल्याला मागे ओढून धरतो. म्हणूनच त्याचे बहुतेक तंतू सावकाश चालणारे, न थकणारे असतात. गुडघे काटकोनात वाकवून खुर्चीत बसा आणि टाचा उचला. वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस ढिला पडलेला असतो, आणि जो काम करतोय तो मुख्यतः सोलियस.

आता रक्ताकडे वळू. हृदयापासून घोटा साधारण सव्वा मीटर खाली. स्थिर उभं राहिलं की तेवढ्या रक्तस्तंभाचं वजन घोट्याजवळच्या शिरांवर पडतं, आणि तिथला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. रक्त खाली उतरायला काहीच अडचण नाही, वर कसं चढवायचं हा प्रश्न. हृदयाचा जोर केशवाहिन्यांतून जाताना जवळपास संपलेला असतो.

शिरांमध्ये झडपा असतात. इटलीतल्या पादुआ इथे शिकवणाऱ्या फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, पण झडपा रक्ताचा वेग कमी करतात एवढंच त्यांना वाटलं. त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये दाखवून दिलं, की झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात. त्यांचा प्रयोग घरी करता येतो. हात खाली सोडा, मनगटाजवळची एखादी फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरा, आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त कोपराकडे सारून बोट उचला. शीर झडपेपर्यंत रिकामीच राहते, वरचं रक्त परत उतरत नाही. दाबलेलं खालचं बोट सोडा, ती क्षणात भरते. दरवर्षी वर्गात मी हे करून दाखवते, आणि दरवर्षी मलाच पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटतं.

पण झडप स्वतः रक्त ढकलत नाही, ढकलायला कोणीतरी लागतं. काटोलकडच्या आमच्या मामाच्या गावी हापशी होती. दांडा मारला की पाणी वर, दांडा सोडला की आतली झडप पाणी धरून ठेवते. पोटरीत दांडा म्हणजे स्नायू. सोलियसच्या आत रक्ताने भरणाऱ्या रुंद पोकळ शिरा असतात. त्याच्याभोवती न ताणणारं घट्ट आवरण असतं. ज्वारी पोटरीवर आली असं आपले शेतकरी म्हणतात तेव्हा कणीस पानाच्या वेढ्यात गच्च भरून फुगलेलं असतं. माणसाची पोटरीही अशीच वेढ्यात भरलेली आहे. स्नायू आवळला की फुगतो, बाहेर जागा नाही, मग दाब आतल्या शिरांवर. रक्त निघतं, खालच्या झडपा मिटलेल्या, म्हणून वरच जातं. स्नायू सैल पडला की त्या रिकाम्या शिरांत पावलाकडचं आणि कातडीखालच्या शिरांतलं रक्त ओढलं जातं. दहाएक पावलं चाललात, की घोट्याजवळचा तो ९० चा दाब ३० च्या खाली येतो.

मावशींची अडचण इथेच आहे. उभं राहताना सोलियस कामाला लागलेला असतो खरा, पण हापशीचा दांडा दाबून तसाच धरला तर पाणी येईल का? दाबणं आणि सोडणं, दोन्ही हवं. आठ तास एका जागी उभं राहणं म्हणजे दांडा न हलवता धरून ठेवणं. रक्त साचतं, पाणी बाहेर झिरपतं, घोटे सुजतात. वर्षानुवर्षं असं झालं की झडपा ढिल्या पडून शिरा निळ्या, वेड्यावाकड्या फुगू शकतात. बसून राहणाऱ्यांचंही तेच. रात्रभर पुण्याच्या बसमध्ये पाय लोंबकळत ठेवणाऱ्यांनी सकाळी आपले मोजे बघावेत.

आता तेल. दाबल्याने बरं वाटतं, काही रक्त पुढेही सरकतं, पण त्याने हृदयाच्या धमनीतला अडथळा हलत नाही. धोका वेगळाच आहे. रक्त साचून राहिलं तर याच सोलियसच्या पोकळ शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. एकच पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, गरम लागली, तर ती चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. चोळून सुटलेली गुठळी थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकते. व्हिडिओवाल्या गृहस्थांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं, आणि याचा मला मनापासून राग आहे.

रात्री पोटरीत गोळा येतो त्यावरही उपायांचा बाजार आहे: काळा दोरा, तांब्याचं कडं. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाण्यातलाच हा प्रकार. गोळा एरवीही एक-दोन मिनिटांत जातो, श्रेय मात्र दोऱ्याला मिळतं. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढा, आखडलेला स्नायू ताणला जातो आणि लवकर सुटतो.

मावशींना मी विचारलं, सूज एका पायाला की दोन्ही? त्यांनी लुगडं वीतभर उचलून दाखवलं. दोन्ही घोटे सारखेच, बोट दाबलं तर खळगा पडत होता. एकदा डॉक्टरांना दाखवाच म्हटलं, कारण दोन्ही पायांची सूज मूत्रपिंड किंवा हृदयामुळेही येते. आणि उभ्या उभ्याच टाचा वर-खाली करत जा, दुपारी घरी गेल्यावर पाय उशीवर ठेवून पडा.

त्यांनी कढईतला झारा थांबवून हिशेब केला. "एका प्लेटमागं दोनदा उचलली टाच तर चालते न? शंभर-सव्वाशे प्लेटा तर जातेच सकाळच्या."