मॉरिशस : किनाऱ्याच्या आधी ऊस

हनिमून पॅकेजच्या फोटोंमध्ये मॉरिशस म्हणजे निळं पाणी, पांढरी वाळू आणि माडाखाली दोन खुर्च्या. विमानतळावरून बाहेर पडलं की मात्र आधी ऊस लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि मध्येच काळ्या दगडांचे पुरुषभर उंचीचे ढिगारे. बेट ज्वालामुखीतून तयार झालेलं, जमीन दगडांनी भरलेली. लागवडीसाठी मजुरांनी ते दगड हाताने वेचले आणि शेतातच रचून ठेवले. या देशाची ओळख करून घ्यायची तर या ढिगाऱ्यांपासून करावी. हॉटेलं फार नंतर आली.

देश गोव्याहूनही लहान. रॉड्रिग्जसारखी दूरची बेटं धरून सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. मूळ रहिवासी म्हणावेत असं इथे कोणीच नव्हतं. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले, पण राहिलं कोणी नाही. १५९८ साली डच उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव बेटाला दिलं. १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली, जावाहून ऊस आणला, आबनुसाची झाडं तोडून नेली आणि १७१० मध्ये गाशा गुंडाळला. डोडो पक्षी त्यांनी खाऊन संपवला असं सर्रास सांगतात. जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरं आणि माकडांनी जमिनीवरची अंडी फस्त केली, हे कारण त्याहून मोठं. डोडोचा सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात बघायला मिळतो.

पुढे आले फ्रेंच. १७१५ मध्ये त्यांनी ताबा घेतला. १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या माहे द ला बूरदोने याने पोर्ट लुईचं बंदर उभं केलं. त्यासाठी पाँडिचेरीहून कारागीर आले. कष्टाच्या कामाला मादागास्कर आणि मोझांबिकमधून धरून आणलेले गुलाम होते. नैऋत्य टोकाला ‘ल मोर्न’ नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे. पळालेले गुलाम तिथे लपत. आज त्याच्या पायथ्याशी महागडी हॉटेलं आहेत.

ऑगस्ट १८१० मध्ये ग्राँ पोर्टच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांना हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. पण इंग्रज परत आले आणि डिसेंबरमध्ये बेट घेऊन बसले. तहात मात्र एक गोष्ट ठरली : रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती यांना हात लावायचा नाही. प्रवाशाला आज जे गोंधळात टाकतं त्याचं मूळ या तहात आहे. गाड्या डाव्या बाजूने धावतात, संसदेची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, आणि बाजारात, बसमध्ये, घरात सगळे क्रिओल बोलतात. ती गुलामांच्या वस्त्यांत घडलेली भाषा आहे.

साखरेचा खरा व्याप वाढला तो इंग्रजांच्या काळात. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून जास्त मिळाले. सुटलेल्या माणसांना दमडीही नाही. मग मजूर कुठून आणायचे? मळेवाल्यांनी उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर उतरले होते, छोटा नागपूरकडचे आदिवासी. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची, हा मळ्यांवरचा कुप्रसिद्ध नियम. पुढल्या नव्वदेक वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांच्या वर माणसं आली. ती जिथे उतरत तो धक्का, आप्रवासी घाट, पोर्ट लुईत आहे. २००६ पासून जागतिक वारसा. सोळा दगडी पायऱ्या आणि काही खोल्या, एवढंच उरलंय. किनाऱ्याच्या सहलीतून अर्धा दिवस काढून तिथे जावंच, असं माझं मत.

मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले पुष्कळ होते. त्यांच्या वंशजांचा तिथला समाज छोटा आहे, पण ठसठशीत. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, आणि आपल्या कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून गणपतीपुढे अजून नाचतात. मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत : नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, गाव, जहाज. काहींचे फोटोसुद्धा. कोणता पणजोबा कुठल्या गावचा, हे तिथले लोक या वह्यांतूनच शोधतात.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. तारीख दांडीयात्रेची, मुद्दाम निवडलेली. त्याच्या तीन वर्षं आधी इंग्रजांनी मॉरिशसपासून चागोस बेटं तोडून घेतली होती आणि मग तिथल्या रहिवाशांना उठवून त्यांतलं दिएगो गार्सिया बेट लष्करी तळासाठी अमेरिकेला दिलं. ही जखम अजून ओली आहे. बेटं परत देण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या.

नव्या देशाकडे विकायला होती ती फक्त साखर. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्येच इथल्या भवितव्याबद्दल निराशेचा सूर लावला होता. तो खोटा ठरला. १९७० नंतर निर्यातीसाठी कापडाचे कारखाने निघाले, मग पर्यटन, मग बँका आणि कंपन्या. भारतात येणारी परदेशी गुंतवणूक कर वाचवण्यासाठी ‘मॉरिशस मार्गे’ येई, हे शेअर बाजाराच्या बातम्या वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच.

किनाऱ्याकडे लोक वळले ते या टप्प्यावर. त्याआधी मजूरवस्त्या आतल्या भागात मळ्यांलगत असत. समुद्रावर कोळी आणि सुट्टीत येणारे मळेमालक. १८०७ सालच्या फ्रेंच नियमानुसार किनाऱ्यालगतची ८१ मीटरची पट्टी सरकारची. त्यामुळे बरीच हॉटेलं भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी आहेत, आणि भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची. कोणत्याही हॉटेलसमोरून पाण्याच्या कडेने खुशाल चालत जा.

कधी जावं? जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा जोर, तेव्हा टाळलेलं बरं. मे ते ऑक्टोबर हवा थंड आणि कोरडी असते. पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो, पश्चिमेला शांत. जूनपासून ऊसतोडही सुरू होते, तेव्हा उसाने भरलेल्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकणार, हे धरूनच विमानतळाला निघा.