व्याह्यांची वंशावळ: अमेरिकन शेतकरी घराण्याचा माग आम्ही कसा काढतो

मुलाचं किंवा मुलीचं लग्न अमेरिकेत होतं. व्याही सांगतात, "आमचे खापरपणजोबा नेब्रास्कात शेती करायचे." त्यापुढचं घरात कोणालाच ठाऊक नसतं. नातवंडांना दोन्हीकडची वंशावळ द्यावी म्हणून अनेक मराठी कुटुंबं आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

सुरुवात जनगणनेपासून होते. १८४० पर्यंत तीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, बाकीची माणसं म्हणजे वयोगटांतले आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) व्यक्तीचं नाव, वय आणि जन्मस्थान मिळतं. मात्र प्रमुखाशी नातं काय, हा प्रश्न १८८० साली आला. म्हणून १८६० च्या यादीत एका घरात पाच मुलं दिसली, तरी ती सगळी त्याच जोडप्याची असं आम्ही धरून चालत नाही. पहिल्या बायकोची मुलं, भावाची पोरकी मुलं, शेतावरचा गडी, सगळे एकाखाली एक लिहिलेले असतात. इंटरनेटवरच्या तयार वंशावळी याच ठिकाणी फसलेल्या आम्हाला वारंवार दिसतात, त्यामुळे त्या आम्ही पुरावा मानत नाही.

घराणं दक्षिणेतलं असेल, तर १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या याद्याही तपासतो. त्यांत मालकाचं नाव असतं, गुलामांचं बहुतेक नसतंच. जे सापडेल ते अहवालात येतं, गाळलं जात नाही.

मोठी अडचण १८९० ची. ती जनगणना जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आगीत सापडली आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले. १८८१ साली जन्मलेली मुलगी १९०० पूर्वी लग्न होऊन गेली असेल, तर माहेरच्या घरात ती कुठल्याच केंद्रीय जनगणनेत दिसणार नाही. अशा वेळी आयोवासारख्या राज्यांच्या स्वतःच्या जनगणना, चर्चच्या नोंदी आणि वारसाहक्काचे कागद कामाला येतात.

आमचा खरा भर मात्र जमिनीवर असतो. शेतकऱ्याचं नाव दहा तऱ्हांनी लिहिलं जाईल, त्याची जमीन जागची हलत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. अट अशी की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. एकवीस वर्षांवरच्या अविवाहित स्त्रिया आणि विधवाही अर्ज करू शकत. शेवटी दोन साक्षीदारांसह जबाब द्यावा लागे: घर केवढं, विहीर आहे का, किती एकर नांगराखाली, कुटुंबात माणसं किती. अर्जदार परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही त्याच फाइलमध्ये सापडतात. साक्षीदार बहुधा शेजारी असत, क्वचित मेहुणेही, म्हणून त्यांचाही शोध आम्ही घेतो. अमेरिकेच्या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर फक्त मालकी मिळालेल्यांची सनद दिसते. दुष्काळाने वा कर्जाने जमीन सोडून गेलेल्यांच्या फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवाव्या लागतात. त्या आम्ही आवर्जून मागवतो, कारण कुटुंब पुढच्या राज्यात का गेलं, याचा धागा बऱ्याचदा तिथेच असतो.

१८५० ते १८८० च्या जनगणनांत शेतीचा वेगळा तक्ता असे. घोडे, दुभत्या गाई, डुकरं, मका किती बुशेल (धान्याचं माप), लोणी किती पौंड, सगळं त्यात आहे. १८७० आणि १८८० चे तक्ते शेजारी ठेवले की त्या घराची भरभराट किंवा ओढाताण आकड्यांतून कळते.

शुल्क टप्प्याटप्प्याने घेतो. पहिल्या टप्प्यात काय सापडलं ते पाहूनच पुढे जायचं का, हे तुम्ही ठरवा.

व्याह्यांकडून आजी-आजोबांची पूर्ण नावं, विहीणबाईंचं माहेरचं आडनाव आणि काउंटीचं (तिथल्या जिल्ह्याचं) नाव विचारून कळवा. मूळ कागद पाठवू नका, फोटो पुरतात. घरात कौटुंबिक बायबल असेल तर जन्म-मृत्यूच्या पानांबरोबर छपाईचं साल असलेल्या पानाचाही फोटो हवा. १८४० चे जन्म १८७५ साली छापलेल्या बायबलात असतील, तर ते नंतर आठवून किंवा जुन्या नोंदीवरून उतरवलेले असतात, आणि त्या तारखा आम्ही दुसरीकडून पडताळतो.