हलका स्विच म्हणजे गुळगुळीत स्विच नव्हे

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच असलेला कीबोर्ड, घेणाऱ्याला आजही हमखास सांगतात: लिनियर (मध्ये न अडखळता सरळ खाली जाणारा) स्विच हवा तर लाल रंगाचा घे, काळा खरखरतो. फोंड्याला माझ्या भाच्यालाही हेच सांगितलं गेलं. हे खरं नाही.

चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेतला लाल स्विच साधारण 45 ग्रॅम दाबाला अक्षर उमटवतो, काळा 60 ला. दोघांचा प्रवास सारखाच: 2 मिलिमीटरवर अक्षर, 4 वर तळ. मुख्य फरक स्प्रिंगचा. खरखर येते ती आतला दांडा खोबणीत घासतो तिथून. म्हणजे प्लास्टिक कोणतं, साचा किती नेमका, वंगण आहे की नाही, यावर सगळं ठरतं. रंगांचे अर्थ तर कंपनीगणिक बदलतात.

भाच्यासमोर मी एक काळा स्विच उघडला, दांड्याच्या कडांवर बारीक ब्रशने ग्रीसचा पातळ हात फिरवला. स्प्रिंग तीच ठेवली. कानाशी धरून दाबताच त्याला फरक कळला. (ग्रीस जास्त झालं तर कळ जड, चिकट वाटते, तेवढं सांभाळा.)

बोटं नुसती टेकली तरी अक्षरं उमटत असतील तर जड स्प्रिंगच घ्या. आणि दुकानात कळ भराभर बडवू नका. हळू, कोपऱ्यावर तिरकी दाबून बघा. खरखर तिथेच लागते.