होम स्टेचा अर्ज कोल्हापुरात नेमका कुठं अडतो?

अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांना घरातल्या खोल्या द्यायच्या तर ॲपवर फोटो टाकून भागत नाही. पर्यटन विभागाकडे होम स्टे (निवास-न्याहारी) म्हणून नोंदणी लागते.

मूळ अट अशी की मालक किंवा त्याचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. केंद्राच्या योजनेत खोल्या 1 ते 6, खाटा फार तर 12. पोरगं पुण्यात आणि फ्लॅट इथं कुलूपबंद, अशी जागा यात बसत नाही.

आधार, पॅन, खोल्यांचे फोटो यांत काही अडत नाही. पोलिसांचा चारित्र्य दाखला तेवढा आधी मागवा.

अडतं ते प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नगर भूमापनाच्या उताऱ्यावर. पेठांतल्या कित्येक घरांचं कार्ड अजून आजोबांच्या नावावर असतं. “घरफाळा आम्हीच भरतोय की” हे उत्तर चालत नाही. घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. आधी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करा, मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून. लग्न होऊन गेलेल्या आत्याही वारस असतात. त्यांची नावं गाळली की हरकत येते आणि प्रकरण लोंबकळतं. नोंद झाल्यावर बाकीच्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. नवरात्रासाठी खोल्या हव्यात आणि गणपती उठल्यावर धावपळ सुरू, असं करू नका. उन्हाळ्यातच हात घाला.

पत्त्याचाही घोळ असतो. कार्डावर सि. स. नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि ‘ई वॉर्ड’, आधारवर नुसती ‘राजारामपुरी, 5वी गल्ली’. दोन्ही कागद एकाच घराचे, हे टेबलामागच्या माणसाला कळत नाही, आणि कळलं तरी तो कागदच मागतो. अर्जात दोन्ही पत्ते लिहा.

फ्लॅट असेल तर ना हरकत पत्र लागतं. इथल्या बऱ्याच इमारतींत नोंदणीकृत सोसायटीच नसते. घोषणापत्रावर (डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीच्या अटी लिहिलेला नोंदणीकृत दस्त) चाललेलं अपार्टमेंट असतं. ‘चेअरमन’नं वहीच्या पानावर सही करून दिलेलं पत्र परत येतं. घोषणापत्रात ‘फक्त राहण्यासाठी’ अशी अट आहे का, ते आधी वाचा.

परदेशी पाहुण्याची माहिती (लोक अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात) तो आल्यापासून 24 तासांत ऑनलाइन भरायची. गेल्यापासून नव्हे! ही माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर तुमच्या घराचं खातं आधी मंजूर झालेलं लागतं. पाहुणा दारात उभा असताना ते काढायला बसलात तर 24 तास त्यातच सरतात.